परमगुरू तेविसावे योहान यांची रोजनिशी : ख्रिस्ती जीवनास ती कितपत मार्गदर्शक?

पोपमहोदयांचे लेखन म्हटले की आपल्या मनात प्रथम विश्वपत्रे येतात. त्यांची भाषा अधिकाराची असते व त्यांना उद्देशून लिहिलेला वाचकवर्ग सगळ्या जगभर पसरलेला असतो. धर्मगुरू त्यांतील एखादा परिच्छेद प्रवचनात घेतात, धर्मशिक्षक त्याचा सारांश वर्गात सांगतात आणि पुस्तिका कपाटात जाते. ही तक्रार नव्हे. विश्वपत्राचा उपयोग बहुधा असाच व्हायचा. परंतु विसाव्या शतकातील एका परमगुरूंच्या हातचे असेही एक लेखन उपलब्ध आहे की जे लिहिताना त्यांच्यासमोर स्वतःखेरीज दुसरा वाचकच नव्हता. ते म्हणजे तेविसावे योहान यांची 'आत्म्याची रोजनिशी'. मूळ इटालियन ग्रंथ १९६४ साली, म्हणजे त्यांच्या निधनानंतर वर्षभरात प्रसिद्ध झाला आणि पुढच्याच वर्षी त्याचे इंग्रजी भाषांतर आले. आपल्यापैकी बहुतेकांच्या हाती पडतो तो या इंग्रजी रूपातच.

या ग्रंथाची स्तुती पुष्कळ झाली आहे. तो साधनामार्गदर्शक म्हणून धर्मग्रामातील सामान्य श्रद्धावंताच्या हाती द्यावा काय, आणि दिला तर कोणत्या भागापासून वाचावयास सांगावा, याचा विचार मात्र फारसा आढळत नाही. प्रस्तुत लेखाचा हेतू तेवढाच आहे.

प्रथम ग्रंथाचे स्वरूप ध्यानी घेतले पाहिजे. आंजेलो ज्युझेप्पे रोंकाल्ली यांचा जन्म २५ नोव्हेंबर १८८१ रोजी उत्तर इटलीतील सोत्तो इल मोन्ते या खेड्यात, अर्धलीने शेती करणाऱ्या कुटुंबात झाला. १८९५ मध्ये, बेर्गामोच्या सेमिनरीत शिकत असता, चौदाव्या वर्षी त्यांनी वहीत लिहावयास प्रारंभ केला. तेव्हापासून १९६२ पर्यंत, म्हणजे सदुसष्ट वर्षे, ते लिहीत राहिले. दररोज नव्हे. मधे मोठमोठे खंड आहेत, आणि पुढील काळातील बहुतेक नोंदी वार्षिक तपसाधनेच्या दिवसांतील आहेत. त्यामुळे 'रोजनिशी' हा शब्द काहीसा फसवा आहे. यात भेटीगाठी, राजकारण, प्रवास यांचे वर्णन शोधणाऱ्याच्या हाती फारसे लागणार नाही. दुसऱ्या महायुद्धात इस्तंबूल येथे असताना त्यांनी यहुदी निर्वासितांच्या सुटकेसाठी केलेली खटपट जगजाहीर आहे. रोजनिशीत तिच्याविषयी फारसे काही सापडत नाही. हे मौन नम्रतेचे असेल. पण त्याहूनही, या वहीचे ते कामच नव्हते. ही वही देवासमोर हिशेब मांडण्याची आहे.

त्यांचे चिटणीस लोरिस कापोविल्ला यांनी या वह्या संपादित केल्या, आणि प्रकाशनास परमगुरूंनी हयातीतच संमती दिली होती, ही गोष्ट महत्त्वाची आहे. दुसरे योहान पॉल यांच्याबाबतीत नेमके उलट घडले. आपल्या खाजगी टिपणवह्या जाळून टाकाव्यात असे त्यांनी मृत्युपत्रात लिहिले होते. कार्डिनल जीविश यांनी त्या जपून ठेवल्या व २०१४ साली पोलंडमध्ये प्रसिद्ध केल्या. त्या निर्णयाचे समर्थन करणारे आहेत, टीका करणारेही आहेत. योहानांच्या रोजनिशीबाबत वाचकाच्या मनावर तसले ओझे राहत नाही. आपण चोरून कोणाच्या खोलीत डोकावत नाही.

तथापि एक भेद स्पष्ट असावा. पोपपदावरील व्यक्तीने लिहिले म्हणून ते धर्मसभेचे अधिकृत अध्यापन ठरत नाही, आणि या वह्यांतील बहुतेक मजकूर तर पोप होण्यापूर्वीचा आहे. २७ एप्रिल २०१४ रोजी त्यांना संतपद घोषित झाले. त्याने त्यांच्या जीवनाची पवित्रता प्रमाणित झाली, वहीतील प्रत्येक वाक्य नव्हे. आपल्या धर्मशिक्षकांना हे मुद्दाम सांगण्याची गरज आहे, कारण 'पोपसाहेबांनी लिहिले आहे' हे शब्द ऐकताच वर्गातील चर्चा थांबते.

असे म्हणण्याचे कारण ग्रंथाच्या पहिल्या तृतीयांशात आहे. तरुण रोंकाल्लींचे हे सेमिनरीतले लेखन वाचताना आजच्या वाचकाचा जीव गुदमरतो. सकाळच्या चिंतनाला इतका वेळ, पवित्र साक्रामेंताला इतक्या भेटी, जपमाळ, आत्मपरीक्षण, 'ख्रिस्तानुकरणा'चे वाचन, दर आठवड्याला प्रायश्चित्त, दर महिन्याला अमुक : नियमांमागून नियम. यातील पुष्कळसे नियम त्या काळच्या विद्यार्थ्यांना गुरुजनांकडून तयारच मिळत. त्यांनी ते आपल्या वहीत उतरवून घेतले एवढेच. मग त्या नियमांच्या भंगांची यादी येते. जपमाळ म्हणताना डुलकी लागली. फार बोललो. माहीत नसलेल्या विषयावर जाणत्याच्या आविर्भावात मत दिले. पुन्हा तोच निश्चय, पुन्हा तीच चूक. स्त्रियांशी, अगदी नात्यातील स्त्रियांशी वागतानाही नजर आणि वाणी आवरण्याविषयीचे जे निर्बंध तेथे येतात, ते एकोणिसाव्या शतकातील सेमिनरीच्या भीतीतून आलेले आहेत. सुवार्तेतील प्रभू येशूच्या वागण्यातून नव्हेत. विहिरीपाशी शोमरोनी स्त्रीशी बोलत बसलेल्या गुरूंच्या शिष्यांना ते निर्बंध शोभत नाहीत. याच लेखकाने एप्रिल १९६३ मध्ये 'पाचेम इन तेर्रिस' या विश्वपत्रात सार्वजनिक जीवनातील स्त्रियांचा प्रवेश हे काळाच्या लक्षणांपैकी एक म्हणून सन्मानाने नोंदविले. एकाच हाताने लिहिलेल्या या दोन मजकुरांत सहा दशकांहून अधिक अंतर आहे आणि ते अंतर कसे कापले गेले हे पाहणे हाच रोजनिशीचा खरा अभ्यास होय. पहिली पाने सुटी करून कोवळ्या वयाच्या उमेदवारांच्या हाती दिली, तर आपण त्यांना अपराधगंडाखेरीज काही देणार नाही. त्यांना वाचावयास द्यायचीच असतील, तर १९६३ चे ते विश्वपत्रही सोबत द्यावे.

हे अंतर कापण्यास कोठे सुरुवात झाली, हे ग्रंथात बोट ठेवून दाखविता येते. १९०३ सालच्या जानेवारीतील ती नोंद आहे. तोपर्यंत रोंकाल्ली संत अलॉयसियस गोन्झागा यांचे चरित्र समोर ठेवून त्यातील एकेक कृती आपल्यात उतरविण्याची धडपड करीत होते. अलॉयसियस अमुक प्रसंगी असे वागले, तर मीही तसेच वागावे. आणि ते जमत नसल्याने खंतावत होते. त्या दिवशी त्यांच्या ध्यानी आले की पद्धतच चुकीची आहे. संतांच्या सद्गुणांचे सार घ्यावे, त्यांच्या कृतींची नक्कल करू नये; देवाने आपल्याला अलॉयसियस म्हणून घडविलेले नाही; आपल्या स्वभावाला, परिस्थितीला साजेल असे ते सार पचविले पाहिजे, असा त्या टिपणाचा आशय आहे. एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याचे हे टिपण मला संपूर्ण ग्रंथातील सर्वांत मोलाचे वाटते.

ग्वाल्हेरच्या वाचकाला याचे वेगळे स्पष्टीकरण द्यावे लागणार नाही. येथील गायकी शिकणारा शिष्य प्रथम गुरूच्या गळ्यातील हरकती जशाच्या तशा उचलतो. वर्षानुवर्षे तेच करतो. परंतु गुरूची सर्दीसुद्धा गळ्यात उतरविणाऱ्या शिष्याला कोणी गवई म्हणत नाही. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांनी ही गायकी महाराष्ट्रात नेली आणि त्यांच्या शिष्यांपैकी विष्णू दिगंबर पलुसकरांनी ती लोकांपर्यंत पोहोचविली. दोघांचे गाणे आणि कार्य एकसारखे नव्हते, आणि तरी परंपरा एकच राहिली. आपल्याकडे संतचरित्रे ज्या रीतीने सांगितली जातात त्यात हा विवेक फार क्वचित आढळतो. उपास, चाबकाचे फटके, दगडाची उशी अशा गोष्टी रंगवून सांगायच्या आणि श्रोत्याने त्यातील काहीच करू नये अशी मनोमन अपेक्षा ठेवायची. यातून संतांविषयी आदर वाढतो, साधना मात्र होत नाही. परमगुरू फ्रान्सिस यांनी २०१८ मधील 'गाउदेते एत एक्सुल्ताते' या उपदेशपत्रात पवित्रतेचा प्रत्येकाचा मार्ग निराळा असतो हे आग्रहाने मांडले, तेव्हा ते नवे वाटले. वस्तुतः बेर्गामोच्या एका विद्यार्थ्याने ते शंभराहून अधिक वर्षांपूर्वी वहीत लिहून ठेवले होते.

मराठी वाचकाला रोजनिशीचा सूर अनोळखी वाटणार नाही याचे आणखी एक कारण आहे. समर्थ रामदासांच्या 'मनाच्या श्लोकां'त मनाला शिष्याप्रमाणे समोर बसवून बोध केला आहे. रोंकाल्लीही स्वतःला असेच समोर बसवितात, दटावतात, समजावतात. फरक असा की रामदासांचे मन हे सर्वांचे मन आहे. रोंकाल्लींचे मन एकाच माणसाचे, अमुक तारखेचे, अमुक गावातले आहे. त्यामुळे रोजनिशीत पुनरुक्ती फार होते, आणि ती कंटाळवाणी आहे हे मान्य केले पाहिजे. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'त स्वतःच्या फजितीवर जे मोकळे हसू आहे, त्याचा येथे जवळजवळ अभाव आहे. प्रत्यक्ष व्यवहारात हे परमगुरू विनोदासाठी प्रसिद्ध होते. वही उघडताच ते गंभीर होत. देवासमोर हसता येते ही गोष्ट त्यांना उमगली नव्हती असे नव्हे, पण त्यांच्या काळच्या साधनेच्या साच्यात तिला जागा नव्हती.

आता ज्या भागासाठी हा ग्रंथ आपल्या परिस्थितीत आवर्जून वाचावा, त्याकडे वळतो. १९२५ मध्ये रोंकाल्लींना बिशप करून बल्गेरियात पाठविण्यात आले. 'आज्ञापालन आणि शांती' हे त्यांनी आपले बोधवाक्य घेतले. ऑर्थोडॉक्स बहुसंख्य देशातील मूठभर, विखुरलेले कॅथलिक, अपुरी साधने, दूरचे प्रवास, आणि रोमकडून दीर्घकाळ उत्तर न येणारी पत्रे. तेथे त्यांनी सुमारे दहा वर्षे काढली. १९२६ अखेरच्या तपसाधनेत त्यांनी जे लिहिले ते स्पष्ट आहे : आपल्याला होणारा त्रास ज्यांच्यासाठी आपण आलो त्या लोकांकडून नाही, तो धर्मसभेच्या मध्यवर्ती कारभाराकडून आहे, आणि त्याची आपल्याला अपेक्षा नव्हती.

ही नोंद प्रत्येक धर्मगुरूने वाचावी. अल्पसंख्य धर्मग्रामात काम करणाऱ्याला बाहेरचा विरोध सोसण्याची तयारी सेमिनरीत शिकविली जाते. आतली उपेक्षा कशी सोसावी हे कोणी शिकवीत नाही. अर्जाला उत्तर नाही, बदलीचे कारण कळविलेले नाही, धर्मशिक्षकाचे तुटपुंजे मानधन महिनोन्महिने थकलेले आहे. या गोष्टींनी जितकी पाचारणे सुकली तितकी छळाने सुकली नसतील. रोंकाल्ली ते दुःख लपवीत नाहीत आणि त्याला भक्तीचा मुलामाही देत नाहीत. ते लिहितात, त्याला नाव देतात, आणि मग गप्प राहण्याचा निश्चय करतात.

येथे मला त्यांच्याशी वाद घालावासा वाटतो. गप्प राहणे हा नेहमीच सद्गुण असतो काय? ज्याचे हक्क बुडतात तो धर्मशिक्षक, ज्याच्या घरी मुले उपाशी आहेत, त्याने रोंकाल्लींचे अनुकरण करून मौन पाळावे, असा उपदेश जर त्याला मानधन न देणाऱ्याच्याच तोंडून आला, तर तो उपदेश नव्हे. रोजनिशीतील सहनशीलता एका अविवाहित बिशपाने स्वतःपुरती स्वीकारलेली आहे. दुसऱ्यावर लादण्याचे साधन म्हणून ती वापरता येत नाही. मूळ लेखकाने तसे कोठेही सुचविलेले नाही, हेही नमूद केले पाहिजे. वरिष्ठांच्या हाती हा ग्रंथ पडला असता मात्र तसा उपयोग होण्याची शक्यता असते. अलॉयसियसविषयी त्यांनी जो नियम स्वतःला घालून घेतला, तोच त्यांच्या स्वतःच्या चरित्रालाही लावला पाहिजे.

बल्गेरियानंतर तुर्कस्तान. १९३५ च्या आरंभी ते इस्तंबूलला पोहोचले त्याच वर्षी तेथील शासनाने सर्व धर्मांच्या पुरोहितांना सार्वजनिक ठिकाणी धार्मिक वेष घालण्यास मनाई केली, आणि बिशपमहोदय साध्या कोटपाटलोणीत फिरू लागले. पुढे त्यांनी उपासनेत तुर्की भाषेला थोडी जागा दिली. 'देव धन्यवादित असो' या अर्थाची स्तुती तुर्कीतून म्हटली जाऊ लागली. त्या स्तुतीत 'मुबारक' हा शब्द येतो. ग्वाल्हेरच्या गल्लीबोळांत ईदला आणि दिवाळीलाही जो शब्द कानी पडतो, तो इस्तंबूलच्या एका कॅथलिक मंदिरात परमेश्वराच्या नावापुढे उच्चारला गेला, तेव्हा तेथील युरोपीय मंडळींपैकी काहींना ते रुचले नाही. रोंकाल्लींनी आपल्या टिपणांत तुर्की लोकांविषयीचा जिव्हाळा आणि त्यांची भाषा शिकण्याचा संकल्प नोंदविला आहे.

भाषेचा हा प्रश्न आपल्याला परका नाही. शिंदेशाहीबरोबर येथे आलेल्या मराठीने दोन शतके घरात टिकून राहण्याची झुंज दिली आहे. आपला बाहेरचा व्यवहार हिंदीत, शाळा इंग्रजीत, घरची बोली कोणाची मराठी, कोणाची कोंकणी, कोणाची मल्याळम. येथे 'लोकांची भाषा' म्हणजे कोणती, असा प्रश्न धर्मगुरूला रोज पडतो. १६१६ साली 'ख्रिस्तपुराण' छापून फादर थॉमस स्टीफन्स यांनी त्या प्रश्नाचे आपल्या परीने उत्तर दिले होते. रोंकाल्लींचे उत्तर त्याहून लहान आहे. त्यांनी ग्रंथ रचला नाही. एका स्तुतीची भाषा बदलली. परंतु एवढ्या लहान बदलालाही धैर्य लागले, हे ती नोंद वाचताना कळते.

यावरून कोणी असे समजू नये की ते नव्या विचारांचे सुधारक होते. रोजनिशीने हा गैरसमज पुरता मोडून काढला आहे. त्यांची भक्ती जुन्या वळणाची : येशूचे पवित्र हृदय, मौल्यवान रक्त, पवित्र मारिया, संत योसेफ. फेब्रुवारी १९६२ मध्ये सेमिनरीतील शिक्षण लॅटिनमधूनच व्हावे असा आग्रह धरणारी घटना त्यांनीच काढली, आणि त्याच वर्षीच्या ११ ऑक्टोबरला दुसरी व्हॅटिकन विश्वपरिषदही त्यांनीच उघडली. परिषदेनंतर आपल्याकडे एक समजूत रूढ झाली की जुनी शिस्त गेली म्हणूनच नवा मोकळेपणा आला. लॅटिनबरोबर रात्रीचे आत्मपरीक्षणही आपण टाकून दिले आणि त्याची कोणाला खंतही वाटली नाही. ज्या माणसाने ती परिषद बोलावली त्याच्या वहीत मात्र हे परीक्षण अखेरपर्यंत चालू आहे. त्याचा रोख तेवढा बदलला आहे. चौदाव्या वर्षी मोजदाद चुकांची होती. ऐंशीव्या वर्षी मोजदाद कृपेची आहे. शेवटच्या काळात आपल्याला लाभलेल्या मोठ्या कृपांचा त्यांनी जो गोषवारा लिहिला, त्यात परिषदेची कल्पना २० जानेवारी १९५९ रोजी आपल्या चिटणीसपदावरील कार्डिनलांशी बोलताना अचानक ओठांवर आली, आधी मनात नव्हती, असे त्यांनी म्हटले आहे. इतिहासकार हे जसेच्या तसे मानीत नाहीत. निवडीनंतरच्या पहिल्याच आठवड्यांत त्यांनी हा विषय काढल्याचे पुरावे आहेत. म्हणून रोजनिशीला इतिहासाचे साधन म्हणून वापरताना सावध असावे. आयुष्याकडे मागे वळून पाहणाऱ्या वृद्धाला जे दान म्हणून आठवले ते त्याने दान म्हणूनच लिहिले.

आणखी एक पत्र या ग्रंथाच्या शेवटी जोडलेले आहे, त्याची दखल घेतल्यावाचून राहवत नाही. डिसेंबर १९६१ मध्ये आपल्या एका भावाला लिहिलेले ते पत्र सर्व कुटुंबासाठी आहे. पोपचे नातेवाईक असूनही तुम्ही गरीबच राहिलात याचे मला समाधान आहे, असा त्याचा आशय. आपल्याकडे घरातील एक मुलगा धर्मगुरू झाला की चुलत्या-मावश्यांच्या अपेक्षा वाढतात; शाळेत प्रवेश, नोकरीसाठी चिठ्ठी, घरदुरुस्तीला पैसे. त्या अपेक्षा अवास्तव असतात असेही नाही, गरिबी खरीच असते. रोंकाल्लींनी नातेवाइकांना थोडीफार मदत केली, परंतु पदाचा लाभ होऊ दिला नाही, आणि हे त्यांनी त्यांना प्रेमाने, स्पष्ट शब्दांत लिहून कळविले. दीक्षाविधीच्या तयारीत हे पत्र उमेदवार व त्याचे आईवडील यांनी एकत्र वाचावे.

वाचनाचा क्रम विचारणाऱ्यास मी असे सांगेन की बल्गेरियापासून आरंभ करावा, मग तुर्कस्तान, पॅरिस व व्हेनिस, मग परमगुरुपदाची वर्षे; त्यानंतरच मागे जाऊन सेमिनरीच्या वह्या पाहाव्यात. त्यांत १८९८ च्या सप्टेंबरात वारलेल्या गावच्या वृद्ध धर्मगुरूंविषयीचा मजकूर चुकवू नये. फ्रांचेस्को रेबुत्सिनी हे त्यांचे नाव. त्यांच्याजवळची 'ख्रिस्तानुकरणा'ची जीर्ण प्रत त्या सोळा वर्षांच्या मुलाकडे आली आणि त्याने ती जपली.

या ग्रंथातील निवडक भाग मराठीत आणताना भाषांतरकाराची खरी अडचण एका शब्दाची होईल. परमगुरू उतारवयात ज्या गुणाकडे पुन्हा पुन्हा वळतात, त्यासाठी आपल्याकडे 'सौम्यता' हा शब्द रूढ आहे. परंतु आज मराठीत सौम्य असते ते औषध, नाहीतर भूकंपाचा धक्का. 'नम्रता' म्हणावे तर ती वरिष्ठांपुढे वाकण्याशी जोडली गेली आहे, आणि 'मवाळ' या शब्दावर राजकारणाचा शिक्का आहे. रोंकाल्लींना अभिप्रेत असलेला गुण यांपैकी एकातही मावत नाही. ज्याच्या हाती सत्ता आहे त्याने ती चालविताना आवाज चढवू नये, हा त्यातला अर्थ आहे. त्यासाठी जुन्या संतवाङ्मयातील 'मार्दव' हा शब्द पुन्हा वापरून पाहावा असे मला वाटते.